अप्पांचा होकार

अप्पांनी होकार दिला तो सहा मिनिटं बारा सेकंदांत. मला हे इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण ज्या पडद्यावर त्यांनी तो दिला तो पडदा मीच बनवला होता, आणि तो समोरच्या माणसाचा सेकंदन्‌सेकंद टिपून ठेवतो.

माझं नाव शिवलीला हत्तुरे. पुण्यातल्या एका कंपनीत मी पडद्यांची मांडणी करते, म्हणजे यंत्राच्या काचेवर काय कुठे दिसावं, अक्षर केवढं असावं, बटण कोणत्या रंगाचं असावं, हे ठरवते. अप्पा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी मोबाइलच्या आतल्या भिंती रंगवते." अप्पा म्हणजे माझे वडील, गुरुसिद्ध हत्तुरे. सोलापूरच्या चाटी गल्लीत एकाच साडीच्या दुकानात त्यांनी बेचाळीस वर्षं गादीवर बसून साड्या दाखवल्या. मालक तीन बदलले, गादीवरचे अप्पा तेच राहिले. बाई दुकानात शिरली की तिला काय आवडणार हे तिच्या आधी त्यांना कळायचं. त्याबद्दल आई गेल्यानंतरच्या एका सुट्टीत त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. गिऱ्हाईक तोंडानं काय बोलतंय ते ऐकायचंच नाही, डोळ्यातलं काळं बघायचं. साडी आवडली की ते काळं पसरतं. बाई 'महाग आहे, नको' म्हणत असते आणि तिचे डोळे 'दे' म्हणत असतात.

तेव्हा मी दहावीत होते. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की शास्त्रज्ञांनाही हे माहीत होतं. सुखावणारी गोष्ट दिसली की बाहुली रुंदावते. दुसरंही एक कळलं. गेल्या शतकाच्या शेवटी जपानमध्ये पैसे काढण्याच्या यंत्रांवर एक प्रयोग झाला होता. बटणं तीच, काम तेच, फक्त मांडणी काही यंत्रांवर देखणी आणि काहींवर ओबडधोबड. लोकांना देखणी यंत्रं वापरायला सोपी वाटली. पुढच्या प्रयोगांनी तर कमालच केली. पडदा चांगला की वाईट, हे माणूस सेकंदाच्या विसाव्या भागात ठरवतो, म्हणजे एकही शब्द वाचायच्या आत. मग बुद्धी मागून येते आणि झालेल्या निकालाला कारणं शोधत बसते.

या दोन गोष्टी एकत्र करून आम्ही २०३४ साली 'सुबोध' बनवला. सुबोध हा समोरच्याचे डोळे बघणारा पडदा आहे. वरच्या कडेला असलेला बारीक कॅमेरा बाहुलीची रुंदी, पापण्यांची उघडझाप आणि नजरेचे थांबे सेकंदाला चाळीस वेळा मोजतो, आणि त्यानुसार रंग, अक्षरांची गोलाई, ओळींमधली मोकळी जागा किंचित किंचित बदलत जाते. माणसाला बदल कळत नाही. साधारण अकराव्या सेकंदाला पडदा त्या माणसापुरता जगातला सर्वांत सुंदर पडदा झालेला असतो. तुमचा सुबोध माझ्या सुबोधसारखा दिसत नाही.

आम्ही तो विकला रुग्णालयांना, संमतिपत्रांसाठी. हेतू वाईट नव्हता. शस्त्रक्रियेआधी चौदा पानांवर न वाचता सह्या घेतल्या जात होत्या. सुबोधवर लोक वाचू लागले. शेवटी प्रश्न विचारले तर शंभरातले नव्वद जण बरोबर उत्तरं देत. पूर्वी शंभरात एकतीस जण नकार देत, ते चारांवर आले. समारंभात माझ्या गळ्यात हार पडला, आणि भाषणात मी म्हणाले की लोकांना समजलं की लोक घाबरत नाहीत. कोणी टाळ्या आवरत्या घेतल्या नाहीत. मलाही काही खटकलं नाही.

या वर्षी जानेवारीत अप्पांना पायऱ्या उतरताना झोक जाऊ लागले. तपासणीत मेंदूच्या मागच्या बाजूला, मधोमध, दोन्हीकडे पसरलेली गाठ निघाली. सोलापुरातल्याच एका रुग्णालयात डॉक्टर नसीम बागवान या बाईंनी आम्हाला चित्र दाखवून समजावलं. रंग डोळ्यात नसतो, मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात तयार होतो. डोळ्यांतून येतो तो नुसता मालमसाला. गाठ नेमकी त्या कारखान्याला चिकटून होती. ती काढायची तर कारखानाही जाणार. अप्पांना दिसेल सगळं, वाचता येईल, माणसं ओळखता येतील, पण जग राखाडी होईल आणि तसंच राहील. गाठ काढली तर दहातले आठ जण दहा वर्षांहून जास्त जगतात. नाही काढली तर साधारण एक वर्ष, त्यातले शेवटचे दोन महिने वाईट.

मी त्या आठवड्यात पुण्याला परतले होते. अप्पांनी फोनवर सांगितलं की संमती देऊन टाकली, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. आवाज अगदी निवांत होता. काय काय होणार तेही त्यांनी मला व्यवस्थित सांगितलं, रंगांचंसुद्धा. मग म्हणाले, "तुझा पडदा लई छान आहे गं. मन शांत झालं बघ."

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. अप्पा जगणार होते. आनंद साधारण अर्धा तास टिकला. नंतर मी जे करू नये ते केलं. नातेवाइकांच्या नोंदी उघडायच्या नाहीत असा आमच्याकडे नियम आहे. मी अप्पांची नोंद उघडली.

अकराव्या सेकंदाला त्यांचा पडदा साडी झाला होता. मी शपथेवर सांगते, सुबोधनं आयुष्यात साडी पाहिलेली नाही, तो फक्त बाहुलीच्या मागे जातो. तरी अंग चिंतामणी रंगाचं आणि त्याला डाळिंबी काठ, असा तो स्थिरावला होता. अप्पांनी आईला लग्नानंतर घेतलेली पहिली साडी कोणत्या रंगाची होती, ते मला माहीत आहे. एकोणिसाव्या ओळीवर मजकूर होता, 'शस्त्रक्रियेनंतर रंगांची जाणीव कायमची जाईल.' तिथे अप्पांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली. पापणी चार सेकंद हलली नाही. बोट काचेवरून उचललं गेलं होतं. पडद्यानं ही अस्वस्थता ओळखली आणि आपलं काम केलं. चिंतामणी आणखी गहिरा झाला, काठ रुंदावला, अक्षरं मवाळ झाली. अप्पांची बाहुली हळूहळू उमलली आणि ते विसाव्या ओळीवर गेले. रंग जाणार हे वाक्य त्यांना सगळ्यात आवडत्या रंगांत दाखवून पचवायला लावलं होतं.

मी खुर्चीवरून उठले ती थेट सोलापूरला गेले.

आधी डॉक्टर बागवानांना भेटले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी मलाच उलट विचारलं. वीस वर्षं त्यांनी भेदरलेल्या माणसांच्या सह्या आणि भेदरलेल्या माणसांचे नकार घेतले होते. भीतीनं नाही म्हणणं हे मन असतं, आणि शांत होऊन हो म्हणणं हे मात्र मन नसतं, असं मी कशावरून म्हणते? "शिवलीलाताई, तुम्ही त्यांना पुन्हा विचाराल," त्या म्हणाल्या, "आणि ते नाही म्हणाले तर ते सोसणार कोण? मी नाही. तुम्हीच." मी म्हटलं, हो, मीच. फार विचार करून म्हटलं नाही.

गप्प बसता आलं असतं. कोणालाही कळलं नसतं. अप्पांना तर मुळीच नाही.

घरी गेले. अप्पा शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, नोंद बघितल्याचंही. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांना उलट कौतुक वाटलं. मी सोबत आणलेला पडदा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "म्हणजे हा माझ्यासारखा गादीवर बसलाय?" मी मान हलवली. ते बराच वेळ हसत होते.

येताना गाडीत बसून मी एक साधा पडदा तयार केला होता. पांढऱ्यावर काळी अक्षरं, कॅमेरा बंद, रंग नाही, गोलाई नाही. तोच मजकूर. म्हटलं, यावर पुन्हा वाचा आणि सांगा. अप्पांनी चष्मा सारखा करून दोन पानं वाचली आणि पडदा खाली ठेवला.

"हे तू नको म्हणायला बनवलंयस," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही, यात काहीच नाहीये, हा कोरा आहे.

"कोरं काय नसतंय. दुकानात आम्ही आधी पडेल माल दाखवायचो. मळकट, काठ उसवलेला. का, तर पुढची साडी उठून दिसावी म्हणून. हे वाचून मला मयताची चिठ्ठी वाचल्यागत वाटायलंय."

मग पडदाच नको, मी तोंडानं विचारते, असं मी म्हणाले. त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि एक एक मुद्दा शक्य तितक्या सपाट आवाजात सांगत गेले. पाचव्या-सहाव्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"तुझे डोळे बघायलोय मी. तुला हो पाहिजे."

मी रडायला लागले. बेचाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या बाहुल्या वाचल्या त्याच्यासमोर मी सपाट चेहरा घेऊन बसले होते. माझ्या यंत्राला जे करायला कॅमेरा लागतो ते अप्पा भाकरी मोडता मोडता करत होते.

अप्पांनी मला रडू दिलं. मग दुकानातली एक रीत सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. दुकानातल्या दिव्याखाली साडीचा रंग खरा दिसत नाही, म्हणून बाई साडी घेऊन दारात, उन्हात जाते. सगळे जाऊ देतात. पण बहुतेक सेल्समन तिच्यामागोमाग दारापर्यंत जातात आणि तिथंही बोलत राहतात. अप्पांच्या पहिल्या मालकानं त्यांना बजावलं होतं, की गिऱ्हाईक उन्हात गेलं की आपण गादी सोडायची नाही. पाठ करून बसायचं आणि घड्या घालत राहायचं. काही साड्या परत येतात, त्या येऊ द्यायच्या. जी बाई उन्हातून हो म्हणत येते तिला घरी जाऊन पस्तावा होत नाही.

"मला उन्हात जाऊ दे," अप्पा म्हणाले. "नुसतं सांगू नकोस, राखाडी म्हणजे काय ते दाखव. आणि तू पुण्याला जा."

राखाडी दाखवणं अवघड नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत रंगांध लोकांसाठी मांडणी तपासायला एक चष्मा असतो. समोरचं दृश्य कॅमेऱ्यानं घेऊन, त्यातला रंग काढून तो डोळ्यांना दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो मागवला, अप्पांच्या डोळ्यांवर बसवला आणि गाडी पकडली. शनिवार ते मंगळवार, चार दिवस. फोन करायचा नाही असं ठरलं होतं. मी तीनदा केला, त्यांनी एकदाही उचलला नाही.

त्या चार दिवसांत काय झालं ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. पहिल्या दिवशी त्यांना मजा वाटली, जुन्या सिनेमात गेल्यासारखं. जेवायला बसल्यावर मजा संपली. आमटी चिखलासारखी दिसली, टोमॅटोची फोड शिळ्या मांसासारखी. त्यांनी डोळे मिटून जेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते चाटी गल्लीत गेले. दुकानातल्या लोकांनी म्हाताऱ्याचं नवं खूळ म्हणून थट्टा केली आणि गादीवर बसवून चहा पाजला. अप्पांनी कपाटातून साड्या काढायला लावल्या. राणी, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी, एकेक समोर पडत गेली आणि सगळ्या एकच होत्या, कमीजास्त मळलेल्या. हाताला रेशीम कळत होतं, जरीचा काठ टोचत होता. एका बाईनं साडी खांद्यावर टाकून त्यांना विचारलं, की काका, हा रंग खुलतो का मला? अप्पांना काही सांगता येईना. त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि खुलतो म्हणाले. बेचाळीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा रंग न बघता साडी विकली होती. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी ते घराबाहेर पडले नाहीत, पण चष्माही काढला नाही. आईचा फोटो भिंतीवरून काढून मांडीवर घेऊन बसले होते, एवढंच त्यांनी त्या दोन दिवसांबद्दल सांगितलं.

बुधवारी सकाळी मी पोचले तेव्हा चष्मा टेबलावर घडी करून ठेवलेला होता. अप्पा आंघोळ करून, विभूती लावून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

"नको म्हणायलोय मी," ते म्हणाले. "नीट बघितलं. दहा वर्षं लई होतील तसली. एक वर्ष पुरे."

मी ऐकून घेईन असं मनाशी घोकत आले होते. ऐकून घेतलं नाही. मी भांडले. चार दिवस म्हणजे काहीच नाही, सवय होते, जन्मापासून आंधळे असलेले लोक आनंदानं जगतात, असं सगळं बोलले. मी एकटी पडेन असंही म्हणाले, आणि ते म्हणताना लाज वाटली तरी थांबले नाही. अप्पा एकेका गोष्टीला होय की, खरं आहे, म्हणत राहिले. त्यांचं उत्तर बदललं नाही.

दिलेली संमती मागे घ्यायची असेल तर ती शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत घ्यावी लागते. नोंद सुबोधवरच व्हावी लागते, दुसरा कोणताही पडदा किंवा कागद कायद्यानं चालत नाही. रुग्णानं अंगठा द्यायचा आणि जवळच्या नातेवाइकानं मजकूर वाचून तो नकार कायम करायचा. आयत्या वेळी घाबरून कोणी जीव गमावू नये म्हणून ही दुसरी पायरी घातलेली आहे. ती घालायची सूचना माझीच होती.

मी पडदा पिशवीतून काढला. अकरा वाजले होते. काढला आणि हातात धरून तशीच बसून राहिले, कारण मनात जे आलं ते अप्पांच्या लक्षात येऊ नये असं वाटत होतं. पडदा फक्त त्यांच्याकडे वळवायचा होता. अकरा सेकंद. मग संमतीचा मजकूर पुन्हा वर आणायचा. ते हो म्हणाले असते, त्यांना पुन्हा शांत वाटलं असतं, उद्या गाठ निघाली असती, आणि दहा वर्षं मला फोन करायला माणूस राहिलं असतं. माझ्या हातून आजवर अनोळखी लोकांच्या बाबतीत हेच झालं होतं. आता निदान माझ्या माणसासाठी झालं असतं.

अप्पांना अर्थातच कळलं.

"वळव की," ते म्हणाले. "मी हो म्हणेन, मला ठाऊक आहे. आणि मनापासून म्हणेन, नाटक नाही करायचो. आत्ता नको म्हणतोय तेही मनापासून आहे. यातलं कुठलं धरायचं ते तू ठरव, लीला. मी रागावणार नाही."

त्यांनी खरंच ते माझ्यावर सोडलं होतं. मला त्यांचा त्या क्षणी राग आला, फार राग आला. मग मी पडदा त्यांच्यासमोर धरला तो काच खाली करून, कडेच्या पट्टीवर अंगठा घेतला आणि काच स्वतःकडे वळवली.

सात वर्षांत मी सुबोधसमोर कधी बसले नव्हते. तपासायला म्हणून बसले असेन, पण काही पणाला लावून नव्हे. नकाराचा मजकूर वर आला आणि खाली दोन चौकोन आले. एकावर 'संमती कायम ठेवा', दुसऱ्यावर 'संमती मागे घ्या'. पडद्यानं माझे डोळे वाचायला सुरुवात केली. मला काय हवंय हे शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. तो भाकरीच्या पिठासारखा उबदार पांढरा होत गेला, कडेनं सकाळच्या उन्हाचा पिवळा आला, आणि पहिला चौकोन किंचित मोठा, किंचित जवळ आला. मी बनवलेलं सगळं मला दिसत होतं. गोलाई किती अंशांची, सावली किती, रंग कोणत्या क्रमांकाचा, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. तरीही तो सुंदर होता. माझं बोट त्या पहिल्या चौकोनाकडे चाललं होतं आणि त्यात मला काही चूक वाटत नव्हती, उलट अप्पांची काळजी घेणारी मुलगी असंच करेल असं वाटत होतं. अप्पांना त्या दिवशी जे वाटलं ते हे होतं, आणि इतर हजारो लोकांनाही.

डाव्या हाताचा अंगठा मी कॅमेऱ्यावर दाबून धरला. पडदा गोंधळला. ऊन विझलं, चौकोन सारखे झाले. पांढऱ्यावर काळी अक्षरं राहिली.

तरी बोट दुसऱ्या चौकोनाकडे हलेना. आता मला अडवायला पडदा नव्हता, मीच होते.

"रडायलीस का?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"रड. पण दाब."

मी दाबलं.